‘झटपट’ डोसा आणि लगेचचा चहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

भरड धान्यांवरची आपली रविवारची पुरवणी वाचली. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, बाजरीत लोह, सगळं कोष्टकात नीट मांडलंय. पण धान्यात आहे ते सगळं अंगी लागतं असं नाही, याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

स्वतःचंच सांगते. दोन हिवाळे नेमानं बाजरीची भाकरी खाऊनही माझं हिमोग्लोबिन साडेनऊच्या वर सरकेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “खाल्ल्यावर चहा घेता का?” घेते की! जन्म इंदुरात गेला. सकाळच्या पोह्यांची बशी रिकामी होण्याआधी चहा समोर लागतो.

धान्याच्या कोंड्यात फायटिक आम्ल असतं. रोपाच्या दृष्टीनं ती अंकुरासाठी राखून ठेवलेली फॉस्फरसची शिदोरी. आपल्या आतड्यात मात्र ते लोह, जस्त, कॅल्शियम यांना धरून बसतं, सोडत नाही. त्यामुळे धान्यावर भर असलेल्या जेवणातलं जेमतेम पाच-दहा टक्के लोह रक्तापर्यंत पोचतं. वरून चहातलं टॅनिन त्यातलंही निम्म्याहून अधिक अडवू शकतं. लिंबातलं क जीवनसत्त्व नेमकं उलट काम करतं. म्हणजे पोह्यांवर लिंबू पिळून जे कमवायचं, ते पाच मिनिटांत चहापायी घालवायचं!

आमच्या सासूबाई ज्वारीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवत आणि सकाळी आंबील करत. नाचणीला मोड आणून, सावलीत वाळवून मग दळत. धान्य भिजलं, आंबलं, मोडावलं की त्यातलं फायटेज नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं आणि हे आम्ल तोडू लागतं. सासूबाईंना विकर-बिकर ठाऊक नव्हतं. आंबट वास आला की झालं, एवढंच त्यांचं गणित. आपल्या पुरवणीतला नाचणी डोसा मात्र ‘झटपट’! पीठ कालवा, खाण्याचा सोडा घाला, तव्यावर टाका. सोड्यानं डोसा फुगतो, पीठ आंबत नाही.

हे वाचून कुणी कोंडा चाळून फेकू नये. आमच्या शेजारी तो प्रयोग सुरू झालाय. तंतू आणि ब-१ जीवनसत्त्व बरंचसं त्या कोंड्यातच असतं. कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात, हे जावा बेटावर डच डॉक्टर आयकमनना १८९० च्या दशकातच दिसलं होतं.

माझा चहा आता पोह्यांनंतर दीड तासानं असतो. हिमोग्लोबिन अकरावर आलंय. लोहाच्या गोळ्याही चालू आहेत, तेव्हा सगळं श्रेय चहाच्या वेळेला देत नाही.

पुढच्या पुरवणीत आंबवलेल्या दोन-तीन कृती जरूर द्या, आणि पीठ किती तास ठेवायचं तेही ऋतूप्रमाणे छापा. इथं मे महिन्यात सहा तासांत पीठ वर येतं. डिसेंबरात रात्रभर ठेवून, वर गोधडी घालूनही सकाळी जसंच्या तसं असतं.

– एक वाचक,
लोकमान्यनगर, इंदूर