पुनर्विकासाच्या सभेत प्लॅनही उघडा

संपादक महोदय,

मुंबईत सध्या गल्लोगल्ली इमारतींना पत्रे लागलेले दिसतात. आमच्या मुलुंडमध्ये तर पुनर्विकासाची सभा झाली नाही अशी सोसायटी शोधावी लागेल. या सभांमध्ये ठरलेले दोन पक्ष असतात. एकाला बिल्डरचं नाव काढलं तरी कपाळावर आठ्या, दुसरा 'सही कुठे करू?' म्हणून पेन काढून तयार. प्लॅन उघडून बघायची तसदी मात्र दोघंही घेत नाहीत. आवाज चढतो तो वाढीव फूट, भाडं आणि कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) एवढ्यावरच.

आमच्या सभेत तळमजल्यावरच्या आजींनी आर्किटेक्टला विचारलं, "या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावेल का हो?" मागे दोघं-चौघं हसले. आर्किटेक्टने मापं काढून पाहिली तर मावत नव्हतं! मग आजी थांबेनात. कपडे कुठे वाळत घालायचे? स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या पोकळीत उघडते, तर फोडणीचा ठसका कुणाच्या घरात जाणार? वीज गेली तर यांत्रिक पार्किंगमधली गाडी खाली कशी आणायची? सुधारित प्लॅनमध्ये एक लिफ्ट मोठी झाली, ड्राय बाल्कनी आली. डक्ट आहे तिथेच आहे आणि पार्किंगचं उत्तर अजून यायचंय. आजींचा नव्या इमारतीला विरोध मुळीच नव्हता. उलट तिथे राहायला जायची सर्वांत जास्त हौस त्यांनाच आहे.

असे प्रश्न विचारणं ही काही आगाऊपणाची गोष्ट नाही. सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खाली शासनाने ४ जुलै २०१९ रोजी दिलेल्या निर्देशांत सभासदांनी आपल्या सूचना लेखी मांडण्याची सोय आहे. किती जण ती वापरतात? 'बिल्डरशिवाय जमेल का?' हेही विचारून बघायला हरकत नाही. स्वयंपुनर्विकासाला सवलती देणारा शासन निर्णय २०१९चाच. अर्थात कर्ज आणि कटकटी अंगावर घ्यायची तयारी हवी. प्रत्येक सोसायटीला ते झेपेल असं मला वाटत नाही. पण हिशेब न मांडताच 'आपल्याला नाही जमायचं' म्हणणं पटत नाही.

आणखी एक, ज्याबद्दल पेन्शनरांनी तरी तोंड उघडायला हवं. टॉवरमधल्या लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा यांचा महिन्याचा मेंटेनन्स किती येईल? ताबा मिळाल्यावर विचारून काय उपयोग?

सोसायट्यांच्या कमिट्यांना एक सुचवतो. मतदानाआधी निदान पंधरा दिवस प्लॅनची मोठी प्रत जिन्याखाली लावा, शेजारी दोरीला बांधलेली वही आणि पेन ठेवा. त्यात येईल तो प्रश्न आर्किटेक्टकडे जाऊ द्या आणि त्याचं उत्तर त्याच वहीत लिहून घ्या.

– एक सभासद, मुलुंड (पूर्व), मुंबई