चि. निखिलला पत्र : बीसीएम बदलण्यापूर्वी

सातारा

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले गॅरेजचे अंदाजपत्रक आणि स्कॅनरच्या पडद्याचा फोटो मी नीट वाचला. बीसीएम, म्हणजे गाडीतील दिवे, कुलपे, काचा, वायपर यांचा कारभार पाहणारा तो डबा, नवीन घालावा लागेल आणि त्याखेरीज दुसरा इलाज नाही, असे त्यात लिहिले आहे. माझे मत स्पष्ट सांगते : आत्ता होकार देऊ नकोस. तो डबा खरोखरच बिघडलेला असू शकतो, पण तो बिघडला आहे हे अजून कोणी तपासलेलेच नाही. आयटीआयमध्ये ऑटो इलेक्ट्रिकलचा विषय शिकवताना मी मुलांना मीटर लावल्याशिवाय पाना हातात घेऊ देत नसे, आणि तुझ्या बाबतीत मी तो नियम सैल करणार नाही.

तुझ्या तक्रारी मी एका कागदावर ओळीने मांडल्या. शनिवार-रविवार गाडी उभी राहिली की सोमवारी सकाळी बॅटरी उतरलेली असते आणि सेल्फ नुसता कटकट वाजतो. सेंट्रल लॉक मध्येच आपोआप उघडते. उजवीकडचा इंडिकेटर लावला की डॅशबोर्डचा उजेड किंचित फडफडतो. पुण्याहून येताना खंबाटकी घाटात भर पावसात वायपर काचेच्या मध्यावर थांबले आणि थोड्या वेळाने आपले आपण सुरू झाले. डॅशबोर्डवर एबीएस आणि स्टिअरिंगचे दिवे एकदम लागतात आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की जातात. एकमेकांशी संबंध नसलेली पाच-सहा कामे एकाच काळात बिघडतात, तेव्हा तितके सुटे भाग एकदम खराब झाले असण्याची शक्यता फार कमी असते. त्या सर्वांना वीज पुरवणारी किंवा ती परत नेणारी एखादी सामाईक जागा कमजोर झाली असण्याची शक्यता मात्र पुष्कळ असते. शिवाय तुझ्या बोलण्यात एक गोष्ट वारंवार येते, ती म्हणजे पाऊस पडून गेल्यावर त्रास वाढतो. गॅरेजवाल्यांनी ती लिहूनच घेतलेली नाही, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची नोंद तीच आहे.

आता तो एरर कोड. पडद्यावर यू 0140 दिसतो आणि त्यावरूनच बीसीएम गेल्याचा निष्कर्ष काढला गेला आहे. ‘यू’ने सुरू होणारे कोड गाडीतील निरनिराळ्या कंट्रोल युनिटांच्या आपसातील संपर्काविषयीचे असतात, आणि या कोडचा अर्थ एवढाच की इतर युनिटांना बीसीएमकडून निरोप येईनासा झाला. तो का येईनासा झाला, हे कोड सांगत नाही. डब्याला पुरेसा व्होल्टेज पोहोचला नसेल, त्याचे अर्थिंग, म्हणजे वीज परत नेणारा जोड, सुटले असेल, निरोप वाहणाऱ्या दोन तारांच्या कपलरमध्ये, म्हणजे जोडणीच्या खोबणीत, ओल शिरली असेल, किंवा डबाच निकामी असेल; चारही प्रकारांत पडद्यावर हाच कोड येऊ शकतो. शिवाय बहुतेक गाड्यांत नवा बीसीएम नुसता जोडून चालत नाही. तो त्या गाडीसाठी कोड करून घ्यावा लागतो, अनेकदा किल्ल्याही नव्याने जुळवाव्या लागतात, आणि भंगारातून आणलेला दुसऱ्या गाडीचा डबा पुष्कळदा ही गाडी स्वीकारतच नाही. एवढा खर्च करूनही ओल जागच्या जागी राहिली, तर पुढच्या पावसाळ्यात नवा डबा त्याच वाटेने जाईल.

म्हणून सुरुवात बॅटरीपासून कर. एक साधा डिजिटल मल्टिमीटर विकत घे, मात्र त्यावर दहा अँपिअर मोजण्याची सोय असावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सकाळी काहीही चालू करण्यापूर्वी, बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर व्होल्टेज मोज. 12.6 च्या आसपास आला तर बॅटरी भरलेली आहे, 12.2 म्हणजे ती निम्म्यावर आली आहे, आणि 12 च्या खाली गेला तर जवळजवळ रिकामी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांग आणि त्याच क्षणी मीटर पाहा. आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी थकली आहे किंवा पुरेशी भरलेली नाही. इंजिन सुरू झाल्यावर साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवा. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो, तेव्हा एका क्षणाचा आकडा खालीवर असला तर घाबरू नकोस, दिवे आणि एसी लावून पुन्हा पाहा. इमारतीच्या टाकीत पाणी कमी झाले की वरच्या मजल्याचे नळ आधी कोरडे पडतात, तसेच व्होल्टेज घसरला की गाडीतील नाजूक युनिटे आधी गडबडतात आणि नसलेल्या बिघाडांचे कोड नोंदवून ठेवतात. बॅटरीची भानगड मिटवून, सर्व कोड पुसून, पुन्हा कोणते उमटतात ते पाहिल्याशिवाय पहिल्या यादीला काही किंमत देऊ नये. तुझ्या गाडीला सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होण्याची सोय आहे, त्यामुळे बॅटरी त्या कामासाठी बनवलेल्या ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच हवी. आधीच्या मालकाने स्वस्तातली साधी बॅटरी बसवली आहे का, तेही लेबल वाचून कळव.

अर्थिंगविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण जुन्या गाडीतील विचित्र दोषांचे मूळ मी सर्वांत अधिक वेळा तिथेच पाहिले आहे. गाडीत प्रत्येक दिव्याला आणि मोटरला जाणारी तार वेगळी असते, परंतु परतीचा मार्ग बहुतेकांचा एकच, म्हणजे गाडीचा पत्रा. त्या पत्र्यावर ठरावीक ठिकाणी बोल्ट असतात आणि एकेका बोल्टखाली पाच-सहा काळ्या किंवा तपकिरी तारांची टोके आवळलेली असतात. त्या बोल्टखाली गंज धरला की वीज परतीसाठी भलती वाट शोधते. इंडिकेटरचा प्रवाह डॅशबोर्डच्या दिव्यातून फिरून जातो आणि तुला दिसणारी ती फडफड होते. हा दोष मीटरच्या ओहमच्या पट्टीवर बहुधा पकडता येत नाही. इंजिनाकडून बॅटरीकडे येणाऱ्या जाड पट्टीत एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा असला तरी साधा मीटर तो शून्यच दाखवील. पण सेल्फ मारताना त्या पट्टीतून दीडशे अँपिअर जात असतील, तर तेवढ्याशा अडथळ्यात दीड व्होल्ट नाहीसा होतो. म्हणून मोजायचे ते भार चालू असताना. मीटर व्होल्टवर ठेव, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकव, आणि सेल्फ मारायला सांग. आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक आला तर ती पट्टी काढून, दोन्ही टोके पॉलिश पेपरने चकचकीत करून, पुन्हा घट्ट आवळून घे. नंतर हेडलाइट, ब्लोअर आणि मागची काच तापवणारी तार असेल तर ती, असे सगळे चालू करून बीसीएमच्या अर्थिंगच्या बोल्टवर तेच मोजायला सांग. तेथे एक-दोन दशांश व्होल्टच्या वर काही असू नये.

ओलीबद्दलचा माझा संशय हवेतला नाही. गणपतीत तू आलास तेव्हा गाडीत बसताच मला कुबट वास आला होता. तुम्ही सगळे जेवायला बसला होता तेव्हा मी पुढच्या डाव्या सीटसमोरचे मॅट उचलले, कार्पेट कडेने सैल करून खाली बोट घातले, आणि त्याखालच्या फोममधून पाणी वर आले. वरून हात फिरवला तर कार्पेट कोरडे लागत होते. दाराच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या पट्टीमागे एक अर्थिंगचा बोल्ट दिसला, त्याच्या वॉशरभोवती पांढरट पूड होती आणि एका तारेच्या टोकाशी तांबे हिरवे पडले होते. तुमच्या सोसायटीत गाडी गुलमोहराखाली उभी असते. त्याची बारीक पाने वायपरच्या खालच्या काळ्या जाळीतून आत जातात, तळाशी गाळासारखी बसतात आणि पाणी बाहेर जाण्याची भोके बुजवतात. मग काचेवरून वाहून आलेले पाणी तिथे साचते आणि हवा आत घेण्याच्या मार्गाने किंवा तारांच्या रबरी बुचाच्या फटीतून थेट डॅशबोर्डखाली उतरते. पुष्कळ गाड्यांत फ्यूजबॉक्स आणि बीसीएम त्याच परिसरात असतात. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी पाणी याच बाजूला येते, म्हणून तीही साफ करून घे. सनरूफ नाही हे बरे, नाहीतर त्याच्या नळ्याही तपासाव्या लागल्या असत्या.

बाबांना वाटते की तुला पुरात बुडालेली गाडी विकली गेली. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी भरले, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या, आणि अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात, तेव्हा शंका योग्यच आहे. म्हणून मी चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले. चिखलाची रेघ कुठेच नव्हती. सीटच्या रुळांवर खोल गंज नव्हता, आणि स्टेपनीच्या खळग्यात गाळ नव्हता. ओल फक्त पुढे डावीकडे आहे, आणि पुराचे पाणी असे एक कोपरा निवडून बसत नाही. तरी जुन्या मालकाच्या विम्याची कागदपत्रे काढून नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, टक्का पाहा. तो मध्येच शून्यावर आलेला असेल तर आधीच्या वर्षी दावा झाला असावा किंवा विमा खंडित झाला असावा, आणि त्याचे कारण विचारण्याचा तुला हक्क आहे.

सोमवारी बॅटरी का उतरते, याचा शोध वेगळा घ्यावा लागेल. गाडी बंद करून कुलूप लावल्यावर तिची युनिटे एकेक करून झोपी जातात; त्याला दहा मिनिटांपासून अर्धा तासही लागतो. त्यानंतर बॅटरीतून साधारण 50 मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह जाणे ठीक आहे. तेवढ्याने शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंतच्या साठ तासांत तीन अँपिअर-अवर खर्च होतात आणि तुझ्या 45 अँपिअर-अवरच्या बॅटरीला ते जाणवतही नाही. तोच प्रवाह 400 मिलिअँपिअर असेल तर चोवीस अँपिअर-अवर, म्हणजे निम्म्याहून अधिक बॅटरी नुसती उभ्या गाडीत संपते. मोजताना बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून, केबल आणि खांब यांच्यामध्ये मीटर दहा अँपिअरच्या पट्टीवर जोडावा लागतो. बॉनेट उघडे राहील, पण त्याचे आणि दाराचे लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत दाबून ठेव, म्हणजे गाडीला सारे बंदच वाटेल. किल्ली दूर घरात ठेव, नाहीतर ती जवळ आहे असे समजून गाडी पुन्हा जागी होईल. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नकोस. आकडा मोठा आला तर एकेक फ्यूज काढून तो कोणत्या फ्यूजबरोबर खाली येतो ते पाहायचे. जुन्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेला तो मोठा टचस्क्रीन आणि मागचा कॅमेरा यांच्यावर माझी पहिली नजर आहे. त्याच्या मागे तारा सोलून, पीळ घालून, नुसती टेप गुंडाळलेली मला दिसली. असे जोड पुष्कळदा चावीच्या लाइनऐवजी कायम चालू असलेल्या लाइनवर दिलेले असतात, आणि गाडी झोपली तरी स्क्रीन अर्धवट जागा राहतो.

दोन बाबतींत मी तुला आईच्या अधिकाराने बजावते. फ्यूज उडत असेल तर त्याच्या जागी मोठा फ्यूज घालू देऊ नकोस. लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. लालच्या जागी पिवळा घातला की फ्यूज वाचतो आणि पत्र्याआडची तार तापून पेट घेऊ शकते. आणि सीटखाली किंवा स्टिअरिंगजवळ पिवळ्या रंगाचे कपलर दिसले, तर ते एअरबॅगचे समजून त्यांना हात लावू नकोस, त्यांत मीटरची टोकेही घालू नकोस. कार्पेट काढण्यासाठी सीट उतरवावी लागेल, ते काम बॅटरी सोडवून जाणकाराकडूनच करून घे.

काम कोणाला द्यायचे, तर स्कॅनरबरोबर मीटरही हातात घेणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनला. त्याला हा क्रम सांग : वायपरखालची जाळी उघडून भोके मोकळी करणे, नळीने काचेवर पाणी सोडून ते आत कुठून येते ते प्रत्यक्ष पाहणे, कार्पेट पूर्ण काढून फोम उन्हात वाळवणे, कारण तो वरून कोरडा झाला तरी आत आठवडेच्या आठवडे ओल धरतो, आणि मग अर्थिंगचे बोल्ट व बीसीएमचे कपलर साफ करणे. हिरवी पडलेली तार चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापून, झाळून, वर हीटश्रिंक स्लीव्ह चढवायला सांग. टेप चालणार नाही. बॅटरी सोडवलेलीच असेल, तर स्कॅनरच्या सॉकेटमधील 6 आणि 14 क्रमांकाच्या पिनांमध्ये ओहम मोजायला सांग. बहुतेक गाड्यांत तिथे 60 च्या आसपास यायला हवेत, कारण निरोप वाहणाऱ्या त्या दोन तारांच्या दोन्ही टोकांना 120-120 ओहमचे रेझिस्टर असतात. 120 आले तर तार कुठेतरी तुटलेली आहे. हे सर्व होऊनही, व्होल्टेज आणि अर्थिंग दोन्ही चोख असताना, बीसीएम गप्पच राहिला, तर तो बदलायला माझी हरकत नाही आणि पैशाचीही काळजी करू नकोस, निम्मे मी देईन.

तोवर पावसात घाटाने येऊ नका, ईशान बरोबर असताना तर मुळीच नको, दसऱ्याला एस.टी.ने या. गॅरेजवाल्यांना शांतपणे सांग की उत्तर पुढच्या आठवड्यात देतो. सकाळचा, सेल्फ मारतानाचा आणि इंजिन चालू असतानाचा, असे तीन आकडे आणि अर्थिंगच्या त्या बोल्टचा उजेडात काढलेला फोटो मला रविवारपर्यंत पाठव.

तुझी,
आई