शेवरले सुटी केली, पण ब्लॉक जमेना

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

कोअर म्हणजे ओतकामात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा. त्याच्या वाळूला एवढं काय महत्त्व, असं तू विचारलंस. टोयोटाच्या पहिल्या गाडीचं उदाहरण घे, त्यात उत्तर आहे.

जपानच्या आयची प्रांतात करिया इथे तोयोदांचा यंत्रमागांचा कारखाना होता. त्यांच्या स्वयंचलित मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने 1929 मध्ये 1 लाख पौंडांना घेतले होते. तेव्हा बिडाच्या ओतकामात ही मंडळी काही कच्ची नव्हती. साकिची तोयोदांचे चिरंजीव किइचिरो यांनी सप्टेंबर 1933 मध्ये तिथेच मोटार विभाग काढला, तीच पुढची टोयोटा. एक अमेरिकन शेवरले मोटार आणून सुटी केली आणि एकेक भाग मोजून ड्रॉइंग काढली. इंजिन सहा सिलेंडरचं, 3389 सीसी, ओव्हरहेड व्हॉल्व्हचं.

इथवर सोपं. अडलं ते ब्लॉकवर, म्हणजे ज्यात सिलेंडर असतात त्या इंजिनाच्या बिडाच्या ठोकळ्यावर. मागाचे भाग बहुतेक उघडे, सपाट. ब्लॉकच्या पोटात मात्र पाणी खेळायच्या पोकळ्या असतात आणि त्या कोअरनेच येतात. माप घेऊन पोकळीचा आकार कळतो, पण ती कशी ओतली हे तयार ब्लॉक सांगत नाही. करियात ब्लॉकमागून ब्लॉक भंगारात गेले.

का जातात ते नीट समजून घे. तेलाच्या कोअरमध्ये कोरड्या वाळूत वजनाने साधारण 1 ते 2 टक्के जवसाचं तेल घालतात आणि 200 ते 230 अंशांवर भाजतात. कच्चा राहिला की ओतताना गॅस जास्त सुटतो. करपला तर हात लावताच भुगा. बीड 1350 अंशांच्या आसपास ओतलं की तेल जळतं, आणि तो गॅस कोअरच्या व्हेंटमधून, म्हणजे त्यासाठी ठेवलेल्या वाटेतून, बाहेर पडायलाच हवा. व्हेंट बुजला तर गॅस धातूत शिरतो, ब्लो होल, म्हणजे गॅसची भोकं, पडतात. कोअर जरा सरकला तर एका बाजूची भिंत जाड, दुसरी पातळ. हे वरून दिसतच नाही. बोअरिंग करताना, म्हणजे सिलेंडर आतून तासताना, भिंत फुटते, नाहीतर पाण्याच्या दाबाच्या चाचणीत गळती निघते. तोवर मशीनिंगची सगळी मेहनत वाया गेलेली असते.

सप्टेंबर 1934 मध्ये पहिलं इंजिन तयार झालं. क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, प्लग शेवरलेचेच. ब्लॉक, हेड (सिलेंडरांवरचं झाकण) आणि पिस्टन मात्र घरचे. मला हे शहाणपणाचं वाटतं, कारण नापास झालं तर दोष कुठे शोधायचा ते ठरलेलं. झालंही तसंच. ताकद शेवरलेच्या 60 अश्वशक्तीपेक्षा कमी भरली. हेडमधल्या वायूच्या वाटांचा आकार बदलल्यावर 62 पर्यंत गेली. म्हणजे नुसती नक्कल पुरली नाही.

मे 1935 मध्ये ए1 ही नमुना गाडी उभी राहिली. बॉडीचा ढंग क्रायस्लरच्या डिसोटो एअरफ्लोचा आणि पत्रा हातोडीने ठोकून घडवलेला. अशा तीनच गाड्या झाल्या.

बाजारात मात्र आधी जी1 ट्रक आला, कारण तेव्हा सरकारला आणि लष्कराला ट्रक हवे होते. नोव्हेंबर 1935 मध्ये प्रदर्शनासाठी टोकियोला जाताना वाटेतच स्टिअरिंगच्या नकलचा (पुढचं चाक वळवणाऱ्या सांध्याचा) आर्म मोडला! पुढे ग्राहकांकडेही मागच्या ॲक्सलचे हाउसिंग (बाहेरचं कवच) मोडू लागले. विक्री सांभाळायला जनरल मोटर्सच्या जपानी शाखेतून आलेले शोतारो कामिया यांनी दुरुस्ती फुकट करून दिली. मोडलेला भाग परत कारखान्यात यायचा आणि ड्रॉइंग सुधारायची. 1936 च्या एए मोटारीला याचा फार उपयोग झाला.

तुमच्या लॅबमध्ये कापलेला ब्लॉक असेलच. त्याच्या प्रत्येक सिलेंडरची भिंत समोरासमोर दोन्ही बाजूंनी कॅलिपरने मोज आणि आकडे मला कळव. फरक दिसला तर कोअर कोणत्या बाजूला सरकला असेल, तेही लिही.

तुझे बाबा