करारातल्या त्या एका ओळीवर थांबलात, म्हणून

आदरणीय वकीलबाई,
सप्रेम नमस्कार.

छपरावरचे जुने ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे (ॲस्बेस्टॉस म्हणजे ज्याचे बारीक तंतू श्वासात गेले की कर्करोग होऊ शकतो असं खनिज) उतरले, हवेच्या तपासणीचा अहवाल चांगला आला आणि सगळे भाडेकरू आपापल्या घरी परतले. तुमची फी कधीच चुकती झाली, पण आभार राहिले होते. ते चारचौघांत मानावेत म्हणून हे उघड पत्र.

कंत्राटदाराचा करारनामा तुम्ही वाचायला घेतलात आणि एका ओळीवर पेन टेकवून थांबलात. ‘निघालेला माल कंत्राटदार आपल्या सोयीने हलवेल.’ तुम्ही म्हणालात, हा माल नव्हे, घातक कचरा आहे. तो रीतसर ठिकाणी पोचल्याची पावती हातात नसेल, तर उद्या तो कुठल्या ओढ्याकाठी सापडल्यावर विचारणा मालकाकडेच होईल. मग तुम्ही अख्खा करार नव्याने लिहिलात. पत्रे फोडायचे नाहीत, ओले करून अखंड उतरवायचे, जाड प्लास्टिकच्या दुहेरी वेष्टनात बांधून त्यावर इशारा लिहायचा. कचऱ्याची पोचपावती आणि हवेचा अहवाल आल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. या शेवटच्या अटीने काम जितकं सरळ झालं, तितकं आमच्या रोजच्या देखरेखीनेही झालं नसतं.

पण मला सगळ्यात भिडलं ते कामगारांच्या कपड्यांचं कलम. कामावरचे कपडे घरी न्यायचे नाहीत, ते धुण्याची जबाबदारी कंत्राटदाराची. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1986 च्या ॲस्बेस्टॉस करारातही हीच तरतूद आहे, हे तुमच्याकडून कळलं. ॲस्बेस्टॉसचे तंतू कपड्यांना चिकटून घरी जातात, आणि नुसते कपडे धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणं आहेत. हा कर्करोग बहुतेकदा 20 ते 40 वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा डोकं वर काढतो. तेव्हा ना कंत्राटदार आठवतो, ना इमारत. त्या कामगारांनी तुम्हाला पाहिलंही नाही, तरी तुम्ही त्यांची काळजी कागदावर पक्की केलीत.

आणखी एक. इमारतीतलं सगळंच ॲस्बेस्टॉस उखडून टाकू, असा कंत्राटदाराचा आग्रह होता. तुम्ही काढण्याच्या कामात ज्याचा काही हितसंबंध नाही अशा तज्ज्ञाकडून आधी पाहणी करून घ्यायला लावलीत. तळघरातल्या पाइपांवरचं भुसभुशीत आवरण काढणं भागच होतं. जिन्यामागचे तक्ते मात्र शाबूत निघाले. शाबूत तक्त्याला कोणी भोक पाडत नाही, कापत नाही, तोवर तो नोंद ठेवून जागीच राहू द्यावा, हे तुम्ही नियम दाखवून समजावलंत. आमचा मोठा खर्च वाचला, आणि विनाकारण धूळही उडाली नाही.

भाडेकरूंची नोटीसही तुम्ही साध्या भाषेत लिहिलीत: काय सापडलं, कुठे, काम कधी, तोवर कशाला हात लावायचा नाही. आजी-आजोबांनाही ती एका वाचनात कळली.

त्या तक्त्यांच्या नोंदवहीची प्रत आता पहारेकऱ्याकडे असते, आणि ड्रिल लावण्याआधी प्रत्येक कारागीर ती वाचून सही करतो. पुढच्या पाहणीचा अहवाल आला की तुम्हाला पाठवतोच.

आपला कृतज्ञ,
एक घरमालक