बड्या नावाचे बोट धरूनच का?

महोदय,
ग्रॅमीने आफ्रिकी संगीतासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. २०२४ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेच्या टायलाला आणि पुढच्या वर्षी नायजेरियाच्या टेम्सला मिळाला, याचे कौतुक आहेच. पण पन्नासहून अधिक देशांना मिळून एकच खण! शिवाय अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत वर चढायचे तर तिकडच्या बड्या नावाचे बोट धरणे भागच पडते, असे दिसते. नायजेरियन गायक रेमाचे ‘काम डाउन’ हे गाणे २०२२ मध्येच आले होते. अमेरिकी गायिका सेलेना गोमेझचा आवाज जोडल्यावर २०२३ मध्ये ते बिलबोर्डच्या, म्हणजे याच यादीच्या, तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. नायजेरियाच्याच विझकिडच्या ‘एसेन्स’ या गाण्याला पॉप गायक जस्टिन बीबर लागला.

आणि ही मर्जी किती टिकते? दक्षिण आफ्रिकेच्या गायिका मिरियम मकेबांना याच अमेरिकी बाजाराने १९६७ मध्ये डोक्यावर घेतले. पुढच्याच वर्षी त्यांनी कृष्णवर्णीय चळवळीतले नेते स्टोकली कारमायकेल यांच्याशी लग्न केले आणि ठरलेले कार्यक्रम धडाधड रद्द झाले. शेवटी त्या पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात राहायला गेल्या. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवाच्या पोस्टरवर आपले नाव बारीक अक्षरांत पाहून नायजेरियन गायक बर्ना बॉय भडकला, तेव्हा अनेकांनी त्याला गर्विष्ठ ठरवले. मला तर त्याचे भडकणे रास्तच वाटले.

– एक वाचक, डोंबिवली