न विरघळणारी साखर

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

नाव कुठेही लिहायचं नाही, या अटीवर तुम्ही हे पत्र उघडपणे लिहू दिलंत. म्हणून इथे तुम्ही नुसत्या 'मॅडम'. तशाही आम्ही तुम्हाला दुसरं काही म्हणत नव्हतोच.

एम.ई.चं दुसरं वर्ष, सबमिशनला पाच आठवडे उरलेले. तुम्ही माझ्या गाईड नव्हतात. तुम्ही खालच्या वर्गांना डिस्क्रीट मॅथ्स शिकवायचात आणि मी तुमच्याकडे आले ती निव्वळ स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं म्हणून. हे आज कबूल करते.

एका छोट्या फंक्शनल, म्हणजे सगळं काम फंक्शनांतून करणाऱ्या, भाषेसाठी मी टाइप चेकर लिहीत होते. आकड्याच्या जागी आकडाच येतोय ना, म्हणजे प्रत्येक वस्तूचा प्रकार (टाइप) जुळतोय ना, हे प्रोग्रॅम चालण्याआधी तपासणारा तो भाग. तो एका फडतूस प्रोग्रॅमवर अडला होता. जे मिळेल तेच परत देणारं एक फंक्शन घ्यायचं, 'लेट' लिहून त्याला नाव द्यायचं, मग त्याच नावाला एकदा आकडा द्यायचा आणि एकदा खरं-खोटं. पाठ्यपुस्तकातलं पहिलं उदाहरण. एमएल नावाची भाषा ते बिनतक्रार घेते. माझा चेकर मात्र म्हणायचा, या फंक्शनला आकडा लागतो, तू भलतंच काय देतेस? चार दिवस मी युनिफिकेशनचा, म्हणजे दोन टाइप जुळवून बघणारा, कोड ओळ न् ओळ तपासला. त्यात चूक नव्हती. गाईड म्हणाले, हे उदाहरण रिपोर्टमधून काढून टाक.

तुम्ही कोड बघितलाच नाहीत. पार्सरनं, म्हणजे प्रोग्रॅमचा मजकूर वाचून त्याची रचना फांद्या-फांद्यांत मांडणाऱ्या भागानं, तयार केलेलं झाड कागदावर काढायला लावलंत आणि विचारलंत, "यात लेट कुठे गेलं?"

मी जरा ऐटीतच सांगितलं होतं की लेट मी पार्सरमध्येच उडवलं. ती नुसती सिंटॅक्टिक शुगर, म्हणजे लिहायला गोड, अर्थ तोच. 'अमुक म्हणजे तमुक, आता हे काढ' असं लिहिणं आणि 'अमुक' हा पॅरामीटर असलेलं फंक्शन करून त्याला 'तमुक' देणं, दोन्ही एकच. तुम्ही हसलात, कपाटातून एक फाइल काढलीत आणि संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिनच्या १९६६ च्या पेपरची झेरॉक्स माझ्या हातात ठेवलीत. म्हणालात, "तू म्हणतेस ते यात आहे. पण यात टाइप चेकर नाहीये."

त्या रात्री मी 'द नेक्स्ट ७०० प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस' पहिल्यांदा वाचला. सुरुवातीलाच ७०० हून जास्त कामांसाठी १,७०० खास भाषा वापरात असल्याचा हिशेब. १९६० च्या दशकात! त्यावर लँडिनचं म्हणणं असं की या सगळ्या भाषांचा सांगाडा एकच ठेवता येईल. तो म्हणजे अलोन्झो चर्च या तर्कशास्त्रज्ञाचा लॅम्डा कॅल्क्युलस (सगळं फंक्शनांनीच मांडणारं गणित), वर माणसाला वाचता येईल असं लेट आणि व्हेअर, आणि कामागणिक बदलतील त्या फक्त मूळ वस्तू. या सांगाड्याचं नाव त्यानं ठेवलं 'इस्विम', म्हणजे 'इफ यू सी व्हॉट आय मीन'. मला काय म्हणायचंय ते कळलं तर ठीक, अशा थाटाचं नाव संशोधनाच्या पेपरात! त्यानं ही भाषा कधी कंप्युटरवर उतरवली नाही. पण कंसांऐवजी ओळीच्या समासावरून रचना ओळखायची त्याची युक्ती पुढे डेव्हिड टर्नरच्या मिरांडा भाषेत आणि तिथून हास्केल या फंक्शनल भाषेत गेली. (पायथॉनचा समासही इथूनच आला असं मी दोन वर्षं सांगत फिरत होते. तो एबीसी नावाच्या भाषेतून आलाय. तुम्ही मला कधी टोकलं नाहीत, बहुतेक माझं बोलणं तुमच्या कानावर आलं नसावं.)

लेट म्हणजे लॅम्डाचंच, म्हणजे फंक्शनचंच, गोड रूप, हे लँडिनच्या जगात शंभर टक्के खरं होतं. उत्तर काय येतं एवढंच बघायचं असेल तर साखर पूर्ण विरघळते. दुसऱ्या दिवशी तुम्ही रॉबिन मिल्नरचं नाव घेतलंत आणि मग माझी ट्यूब पेटली.

मिल्नरला एडिंबरात नवी भाषा काढायची हौस नव्हती. त्याला पुरावे तपासणारं यंत्र हवं होतं, त्याचं नाव एलसीएफ. त्यात 'प्रमेय' हा एक टाइप होता आणि त्या टाइपची वस्तू फक्त अनुमानाच्या नियमांतूनच तयार होऊ शकायची. म्हणजे पुराव्याची सगळी भिस्त टाइप चेकरवर. तो फसला तर खोटं प्रमेय आत शिरणार. ते यंत्र चालवण्यापुरती केलेली भाषा म्हणजे एमएल. रचना बरीचशी इस्विमची, त्यावर टाइपची पहारेदारी.

आणि इथे लेट बदललं. मिल्नरनं १९७८ मध्ये मांडलं ते असं: लेटनं नाव देताना व्याख्या समोर असते. तिचा टाइप आधी काढा, त्यात ज्या जागा मोकळ्या राहतील तिथे 'कोणताही टाइप चालेल' असं लिहून ठेवा आणि प्रत्येक वापराला नवी प्रत द्या. पॅरामीटरचं तसं नाही. आत काय येणार हे आधी ठाऊक नसतं, म्हणून त्याला एकच टाइप. लेट उडवून त्याचा पॅरामीटर केला की ही मोकळीक गेली. माझ्या चेकरनं नेमकं तेच केलं होतं. बिचारा बरोबर वागत होता.

पॅरामीटरलाही तीच मोकळीक का देत नाहीत, हे मी तुम्हाला तेव्हाच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "शोध." शोधायला वर्ष गेलं. सगळीकडेच ती मोकळीक दिली आणि टाइप लिहिण्याची सक्ती ठेवली नाही, तर प्रोग्रॅमला टाइप आहे की नाही हे नेमकं सांगणारा अल्गोरिदमच असू शकत नाही, हे जो वेल्सनं १९९४ मध्ये दाखवलं. मिल्नरनं रेघ कुठे ओढली होती ते तेव्हा उमगलं.

खरं सांगायचं तर पुढची माझी सगळी वाटचाल त्या तीन अक्षरी इंग्रजी शब्दामागे झाली. लेटमध्ये लेट घालत गेलं तर टाइप भसाभसा फुगतात. लोक समजत होते की टाइप काढणं हलकं काम आहे, रोजच्या प्रोग्रॅमना ते असतंही. पण सर्वांत वाईट प्रसंगी वेळ घातांकी लागतो, म्हणजे प्रोग्रॅम जरा वाढला की दुपटी-दुपटीनं वाढतो, हे १९९० च्या सुमारास सिद्ध झालं. त्याच शब्दातून दुसरी भानगडही निघाली. रिकाम्या यादीचा एक डबा करून त्याला लेटनं नाव द्यायचं आणि नंतर तो बदलायची मुभा ठेवायची. मोकळीक मिळाल्यामुळे त्यात आकडा टाकून बाहेर खरं-खोटं म्हणून काढता येतं. पहारेदारच गाफील! यावर बरेच गुंतागुंतीचे उपाय झाले. शेवटी १९९५ मध्ये अँड्र्यू राइटनं साधा मार्ग सुचवला: उजवीकडे आधीच तयार मूल्य असेल तरच मोकळीक. प्रत्यक्षातला कोड तपासून त्यानं दाखवलं की यानं फारसं काही मोडत नाही. स्टँडर्ड एमएलच्या १९९७ च्या आवृत्तीत तेच आलं.

मला सर्वांत आवडतं ते २०१० चं. हास्केलच्या टाइप सिस्टीममध्ये इतक्या नव्या गोष्टी आल्या होत्या की सायमन पेटन जोन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सरळ म्हटलं, आतल्या लेटला आपोआप मोकळीक देऊच नये, हवी तिथे माणसानं टाइप लिहावा. आज जीएचसी या हास्केलच्या कंपायलरमध्ये काही सोयी चालू केल्या की, आतली व्याख्या बाहेरच्या पॅरामीटरवर अवलंबून असेल तर, ती मोकळीक खरंच बंद होते. म्हणजे लँडिनची साखर तिथे पुन्हा विरघळू लागली. मला वाटतं, याचा आनंद त्याला मिल्नरपेक्षा जास्त झाला असता. तुम्हाला हे पटणार नाही, ठाऊक आहे.

मॅडम, तुम्ही माझा बग सोडवला नाहीत. वीस मिनिटं दिलीत, एक प्रश्न दिलात आणि एक फिकी झेरॉक्स. मी अडले होते २००७ साली, तुम्ही मला १९६६ मध्ये नेऊन सोडलंत आणि तिथून पायी परत यायला लावलंत. रिपोर्टमधून ते उदाहरण मी काढलं नाही. व्हायवात एक्स्टर्नलनी फक्त त्यावरच प्रश्न विचारले.

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या एका नव्या मुलानं पार्सरमध्येच लेट उडवलं. मी त्याला झाड काढायला लावलं. आता तो रोज संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन वाद घालतो आणि माझी घरी जायची बस चुकते.

ती झेरॉक्स अजून तुमचीच आहे. दिवाळीत पुण्याला येईन तेव्हा आणून देते. शेवटचं पान सुटलंय, त्याला मी टेप लावलीय, आणि समासात तुमच्या पेन्सिलच्या खुणांशेजारी माझ्या निळ्या पेनच्या खुणा झाल्यात. त्याबद्दल ओरडा खायची तयारी ठेवून येते.

तुमची,
स्टाफरूममध्ये चुकून शिरलेली विद्यार्थिनी