व्हिसा येईपर्यंत घरी बसू नका, पण पत्ता बदलला तर कळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात वधू-वरांच्या पानावर अमेरिकास्थित मुलांच्या जाहिराती असतात आणि पुष्कळदा त्याच पानाच्या तळाशी व्हिसाची कामे ‘हमखास’ करून देणाऱ्या सल्लागारांच्या चौकटीही असतात. आमच्या घराने या दोन्हींचा अनुभव घेतला आहे. वरच्या जाहिरातीने आम्हाला उत्तम जावई मिळवून दिला. खालच्या चौकटीने मात्र जो मनस्ताप दिला, तो इतरांच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुलीचे लग्न डिसेंबर २०२२ मध्ये ठाण्यात झाले. जावई अमेरिकेचे नागरिक आहेत. नागरिकाच्या पत्नीला वार्षिक कोट्याच्या रांगेत उभे राहावे लागत नाही, ती रांग ग्रीन कार्डधारकांच्या पत्नींसाठी असते. त्यामुळे लग्नाच्या मांडवातच ‘सहा महिन्यांत जाईल हो पोरगी’ असे अनेकांनी सांगून टाकले होते. रांग नसली तरी टप्पे असतात, हे आम्हाला नंतर कळले. जावयांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये आय-१३०, म्हणजे पत्नीला तिकडे नेण्यासाठी नागरिकाने करायचा अर्ज, दाखल केला. तो मंजूर होऊन न्यू हॅम्पशायरमधल्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाईपर्यंत पुढचे वर्ष उजाडले. मग तिथले शुल्क, जावयांचे उत्पन्नाचे हमीपत्र, लग्नाचा दाखला, पोलिसांचा दाखला आणि डीएस-२६० नावाचा एक लांबलचक ऑनलाइन अर्ज, ज्यात वयाच्या सोळाव्या वर्षापासून आपण कुठे कुठे राहिलो ते सगळे पत्ते भरावे लागतात. मुलीने तो मे २०२४ मध्ये भरला, सध्याचा पत्ता म्हणून ठाण्याचा लिहिला, आणि तो तेव्हा खराच होता.

जूनमध्ये तिच्या कंपनीने तिला दुबईच्या कार्यालयात येण्याविषयी विचारले. पगार चांगला होता, काम आवडीचे होते आणि दीड वर्ष ‘आता येईलच व्हिसा’ या एका वाक्यावर दिवस काढून ती कंटाळली होती. नातेवाईक म्हणाले, ‘आता कशाला नवीन बिऱ्हाड?’ हा प्रश्न नवरामुलाला कोणी विचारत नाही, त्याची नोकरी आणि बढती नेहमीप्रमाणे चालू असते. वाट पाहण्याचे काम फक्त मुलीच्या गळ्यात पडते, हे मला बाप म्हणून फार लागले. तिने जायचे ठरवले आणि आम्ही खबरदारी म्हणून आमच्या सल्लागाराला विचारले. ते म्हणाले, ‘जाऊ द्या खुशाल, पण केंद्राला काही कळवू नका. पत्ता बदलला म्हटले की फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मुलाखतीला चार दिवस येऊन जाईल, कोणी विचारलेच तर ठाण्यात राहते म्हणायचे.’

मी सरकारी कार्यालयात तीस वर्षे आवक-जावक सांभाळली. पत्ता बदलल्यास पंधरा दिवसांत कळवावे, हे वाक्य मी खिडकीतून किती जणांना ऐकवले असेल याची गणती नाही. तोच मी, स्वतःच्या मुलीची वेळ आली तेव्हा गप्प बसलो.

मुलाखत एप्रिल २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात होती. आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून तिचा फोन आणि पिशवी सांभाळत मी बाहेर फुटपाथवर बसलो होतो. दोन तासांनी ती आली ती हातात एक कागद घेऊन. अधिकाऱ्याने बाकीची विचारपूस हसतमुखाने केली आणि मग सहज विचारले, ‘सध्या कुठे राहता?’ मुलीने क्षणभरही न अडखळता दुबई सांगितले. किती दिवस, तर दहा महिने. अर्जात ठाणे, तोंडी दुबई आणि तिथल्या पोलिसांचा दाखला फाइलमध्ये नाही! त्या कागदावर कलम २२१(जी) असे छापलेले होते आणि कागदपत्रे अपुरी असल्याच्या ओळीपुढे पेनने खूण केलेली होती. कागदोपत्री तो नकारच होता, पण कायमचा नव्हे: राहिलेली कागदपत्रे दिली की व्हिसा मिळू शकत होता.

त्या क्षणी मी तिच्यावर चिडलो, हे कबूल करतो. सल्लागाराने सांगितले तसे ‘ठाणे’ म्हणाली असती तर सुटली असती, असे मला वाटले. ते किती चुकीचे होते हे घरी आल्यावर जावयांनी फोनवर समजावले. व्हिसा मिळवण्यासाठी महत्त्वाच्या बाबीत जाणूनबुजून खोटे सांगणाऱ्याला अमेरिकेचा कायदा कायमचा अपात्र ठरवू शकतो आणि मग सवलतीसाठी वेगळा अर्ज करून वर्षानुवर्षे झगडावे लागते. दाखला नसणे ही आठवड्यांत भरून निघणारी उणीव होती. खोटे बोलणे ही जन्माची गाठ झाली असती.

आता नियम काय आहे ते सांगतो, कारण सल्लागारांनी तो धूसर ठेवला आहे. अर्ज चालू असताना अर्जदाराने एकाच गावी बसून राहावे असे कुठेही म्हटलेले नाही. वयाची सोळा वर्षे पूर्ण झालेल्या अर्जदाराचे सध्याच्या देशातले वास्तव्य सहा महिन्यांहून अधिक झाले असेल तर तिथल्या पोलिसांचा दाखला लागतो. पूर्वी कधी दुसऱ्या देशात बारा महिने किंवा अधिक काळ राहिला असेल तर तिथलाही लागतो. नवा पत्ता केंद्राच्या संकेतस्थळावरील चौकशी अर्जातून कळवता येतो आणि भरलेला डीएस-२६० पुन्हा उघडून दुरुस्त करून घेता येतो. फाइल पहिल्यापासून सुरू होत नाही. मुलाखत कुठे द्यायची हाही प्रश्न सुटण्यासारखा आहे: १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नियमानुसार ती राहत्या देशात किंवा नागरिकत्वाच्या देशात व्हावी अशी अपेक्षा आहे. म्हणजे दुबईत राहणाऱ्या भारतीय मुलीला अबू धाबीचा दूतावास किंवा मुंबई, दोन्ही मोकळे आहेत. मात्र राहता देश म्हणून जो सांगाल, तिथे राहत असल्याचा पुरावा दाखवावा लागू शकतो.

दाखल्यांच्या बाबतीत एक व्यवहाराची गोष्ट आहे. देशात असतानाच तिथला दाखला काढणे सोपे, देश सोडल्यावर तेच काम डोईजड होते. भारतातला दाखला इथे असेपर्यंत पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. परदेशात गेल्यावर त्यासाठी भारतीय दूतावासाकडे अर्ज करावा लागतो. दुबईत राहणाऱ्याला तिथला दाखला ऑनलाइन मागता येतो. तिथून निघून आलेल्याला बोटांचे ठसे देऊन ते साक्षांकित करून घेण्यापासून सुरुवात करावी लागते. आमच्या मुलीची तिथली नोकरी अजून चालू होती म्हणून निभावले. ती परत गेली, दाखला काढला, अर्ज दुरुस्त झाला आणि जूनमध्ये व्हिसा लागला. तोही घाईने वापरावा लागला, कारण व्हिसाची मुदत वैद्यकीय तपासणीच्या मुदतीला बांधलेली असते आणि तपासणी तर एप्रिलमध्येच उरकलेली होती.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र आपोआप चांगली घडली. अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर सशर्त ग्रीन कार्ड मिळते आणि त्याची अट काढण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. मुलगी पोहोचली तेव्हा अडीच वर्षे होऊन गेली होती, तिला थेट दहा वर्षांचे कार्ड मिळाले. या विलंबाचे श्रेयही त्या सल्लागारांनी घेतले.

त्यांचे नाव मी लिहीत नाही. त्यांच्यासारखे अनेक आहेत आणि त्यांनी घेतलेली फी आम्ही राजीखुशीने दिली होती. माझी विनंती आपल्याला आहे. अशा जाहिराती स्वीकारताना ‘हमखास’ हा शब्द तेवढा छापू नये, कारण व्हिसा देण्याचा अधिकार यातील कोणाकडेच नाही. आणि शक्य झाल्यास त्याच पानावर एक छोटी चौकट द्यावी: पत्ता, नोकरी किंवा देश बदलल्यास त्या आठवड्यातच केंद्राला कळवावे आणि कळवल्याची प्रत जपून ठेवावी.

आपला,
एक निवृत्त कर्मचारी, ठाणे